येतो म्हणावं

१

ठकीचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीत आहे, पण हजेरी वाचतो कोण? ऑफिसात तिला आवाजबाई म्हणत आणि घरी, पन्नाशी उलटून गेली तरी, ठकी. रोज सकाळी साडेनऊला ती पिशवी खांद्याला लावून दारातून म्हणायची, "आई, येते गं." आई आतून म्हणायची, "ये." जिना उतरताना खालचे मास्तर खुर्चीत बसलेले असायचे. त्यांना "येते हं, मास्तर" म्हटलं की ते मान हलवून म्हणायचे, "या, या." ते सगळ्यांनाच असं म्हणायचे. पोस्टमनला, दूधवाल्याला, एकदा तर चुकून वर चढलेल्या मांजरालासुद्धा.

काम सरळ होतं. दूरचित्रवाणीच्या जुन्या कार्यक्रमांच्या टेपा तळघरात पडून होत्या. त्या वर आणायच्या, उबवायच्या, वाजवायच्या आणि त्यांतली घाण काढायची. उबवायच्या म्हणजे अगदी खरोखर. जुनी टेप चिकट होते, मशीनवर लावली की किंचाळते आणि तिच्यावरचा थर भुशासारखा गळतो. कोमट हवेच्या कपाटात दिवसभर ठेवली की थोडे दिवस ताळ्यावर येते. तेवढ्यात काय वाजवायचं ते वाजवून घ्यायचं.

त्या सोमवारी कपाटातून 'चौकी नऊ'ची टेप निघाली आणि ठकीनं बाकीच्या टेपा बाजूला सारल्या.

'चौकी नऊ' ही रविवारी सकाळी अकराला लागणारी अंतराळातली मालिका. गोष्टी यथातथाच असायच्या. यान पुठ्ठ्याचं, आणि अंतराळवीरांच्या डोक्यावर चक्क लोणच्याच्या बरण्या वाटाव्यात अशी शिरस्त्राणं. पण सुरुवातीची बेचाळीस सेकंदं! काळंभोर आकाश, त्यात तारे, ताऱ्यांच्या मधोमध एक गोल दार. दार सावकाश उघडायचं, उजेडाची फट पडायची, आणि खाली ते शीर्षकसंगीत. त्या संगीताला त्या काळातली पोरं घाबरून पलंगाखाली जायची. ठकी जायची नाही, कारण ते तिच्या बाबांनी केलं होतं.

घरच्या मागच्या खोलीत केलं होतं. वाद्य एकही नाही. आईचं शिवणयंत्र, किटलीची शिट्टी, दाराची कडी, नळाची टपटप, असे घरातले सोळा आवाज टेपवर घेतले, कोणाचा वेग कमी केला, कोणाला उलटं केलं, ब्लेडनं तुकडे कापले आणि चिकटपट्टीनं जोडले. आकाशसुद्धा घरचंच. काळ्या कागदाला टाचणीनं भोकं पाडून मागे दिवा ठेवला होता. उजवीकडचा वरचा कोपरा ठकीनं टोचला होता. तिथे पाच भोकं एका ओळीत, पण वाकडी. बाबा म्हणाले होते, "राहू दे. देवालासुद्धा सरळ जमलेलं नाही."

ती नऊ वर्षांची असताना एका दुपारी बाबा बाहेर गेले आणि परत आले नाहीत. एवढंच तिला माहीत होतं. आणि ज्या माणसानं घरातल्या नळाचीसुद्धा टेप केली, त्यानं स्वतःचा आवाज कुठेच ठेवला नव्हता. स्वतःचा खोकला आला तरी तो तेवढा तुकडा कापून फेकायचा. ठकीला बाबांचा चेहरा आठवायचा, बोटं आठवायची, आवाज मात्र काही केल्या आठवायचा नाही. एवढी वर्षं ती टेपा कशासाठी उपसत होती, तर त्या एका आवाजासाठी. कुणाला सांगितलं नव्हतं, पण होतं हे असं.

२

डब्यात बाबांच्या बारीक अक्षरातला कागद होता. एक ते सोळा. पहिलं शिवणयंत्र, चौथी दाराची कडी (पुढे लिहिलेलं, 'अर्ध्या वेगानं'), अकरावी किटली. ठकीनं हेडफोन चढवला आणि बोटांवर मोजत ऐकू लागली.

सोळा झाले. अडतिसाव्या सेकंदाला आणखी एक झाला.

ती पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसली. पुन्हा सतरा. तो आवाज अगदी मागे होता, कुणीतरी लांबच्या खोलीत श्वास सोडल्यासारखा. ठकी काही बावळट नव्हती. गुंडाळून ठेवलेल्या टेपेत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, हे तिला पाठ होतं. तसलंच काहीतरी असणार, असं म्हणत तिनं टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. खरखर काढली. गुणगुण काढली. आवाज वर उचलला. आणखी थोडा उचलला.

माणूस होता. एकच शब्द.

"येतो."

बाबा त्या दुपारी दारातून निघताना हेच म्हणाले असणार. कुठला माणूस दुसरं काय म्हणतो? आणि मशीन चालू राहिलं असणार, आणि तो तुकडा कापायचा राहून गेला असणार. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि एवढ्या वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "या, बाबा."

रिकाम्या खोलीत ते जरा मोठ्यानंच ऐकू आलं.

३

मंगळवारी फ्रेमराव आला. हा चित्राची साफसफाई करणारा. दिवसभर एकेक फ्रेम मोजत बसायचा म्हणून त्याचं हे नाव. 'चौकी नऊ' रविवारी पुन्हा दाखवणार होते, त्याच जुन्या वेळेला, सकाळी अकराला.

"आवाजबाई, एकतिसाव्या सेकंदाला तुमचं काहीतरी राहिलंय," तो म्हणाला. "कुणीतरी बोलतंय."

"अडतिसाव्या."

"एकतिसाव्या हो. मी मोजतो म्हणून तर पगार देतात मला."

तिनं लावून पाहिलं. एकतिसाव्याच सेकंदाला होतं. "येतो." काल तिनं स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं होतं, अडतीस. आता स्वतःचंच अक्षर, खोटं कसं म्हणणार? टेप उबवल्यावर थोडी ताणली जाते, मशीनचा वेग मागेपुढे होतो, ही सगळी कारणं तिनं फ्रेमरावला ऐकवली आणि त्यानं मान डोलावली. पण मग बाकीचे सोळा आवाज जागच्या जागी कसे? हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं काढलं नाही.

बुधवारी तो बाविसाव्या सेकंदाला होता. ठकीनं सोमवारची प्रत उघडली. कॉम्प्युटरमधली, टेपेशी आता काही देणंघेणं नसलेली. त्यातही बावीस. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पुन्हा घातला. खोलीत उगाच चकरा मारल्या, पाणी प्यायली, खिडकी उघडली, लावली. आवाज आता स्वच्छ होता, तिनं न पुसता. सोमवारी तो लांबच्या खोलीतून आला होता. आज शेजारच्या.

तिनं बाबांचा कागद पुन्हा हातात घेतला. सोळाच्या खाली, इतक्या फिकट पेन्सिलीनं की सोमवारी नजरेतून सुटलं होतं, सतराचा आकडा होता. त्यापुढे काहीच नव्हतं. आकड्याभोवती गोल काढला होता, पुन्हा पुन्हा, कागद फाटेपर्यंत.

तरी खरं सांगायचं तर ती घाबरली होती त्यापेक्षा तिला आनंदच जास्त होता. बाबांचा आवाज जवळ येत होता. लेकराला आणखी काय हवं?

४

गुरुवारी ती आईला ऑफिसात घेऊन गेली. आई ऐंशीच्या घरातली, कान तल्लख, जीभ त्याहून. ठकीनं तिला खुर्चीत बसवलं आणि समोर माईक चालू करून ठेवला, आईच्या आठवणी टेपेसोबत जपून ठेवाव्यात म्हणून.

संगीत सुरू व्हायच्या आधी ठकीनं एकेक आवाज सुटा ऐकवला. आई खुलली. "हे माझं शिवणयंत्र. मेलं, तेव्हाही असंच कुरकुरायचं. ही कडी. हिला तेल घाला म्हणून मी कंठशोष केला, तर म्हणाले, तेल घातलंस तर मालिका बंद पडेल." दोघी हसल्या.

"आता सगळं सलग लावते," ठकी म्हणाली. "आणि आई, यात एक गंमत आहे. तुला रडू येईल."

नवव्या सेकंदाला तो आला. आता तो खोलीतच होता. "येतो."

आईचं हसू मावळलं. तिनं हात पुढे करून मशीन बंद करायचा प्रयत्न केला, पण बटण कुठलं ते तिला कळेना. ठकीनं बंद केलं.

"बाबा आहेत ना?"

"नाहीत."

"आई, नीट ऐक. मी पुन्हा लावते."

"लावू नकोस." आईनं तिचं मनगट धरलं. "ठके, तुझे बाबा जन्मात कधी 'येतो' म्हणाले नाहीत. ते 'जातो' म्हणायचे. रोज. मला चिडवायला. मी रोज स्वयंपाकघरातून ओरडायचे, जातो काय म्हणता, येतो म्हणावं. तर म्हणायचे, मी जातोय ना, मग जातोच म्हणणार. आठवत नाही तुला?"

आणि ठकीला आठवलं. आवाज नाही आठवला, पण तो रोजचा तंटा आठवला, दारात बूट घालणारे बाबा आणि आतून येणारी आईची ती ओरड.

"मग हा कोण?"

"मला काय माहीत." आई मांडीवरच्या रुमालाची घडी मोडत होती, घालत होती. "बाहेर गेले असं तुला सांगितलं. बाहेर कुठे गेले ते? मागच्या खोलीत होते, मशीनवर. आठवडाभर मोजत बसले होते, एक जास्त येतोय म्हणत. त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत शिवत बसले होते. आतून ते म्हणाले, 'या.' अगदी अदबीनं, पाहुण्याला म्हणतात तसं. मला वाटलं, कुणी आलंय आणि मला दार वाजलेलं कळलं नाही. मी दोन कप चहा टाकला. घेऊन गेले तर आत कुणीच नाही. टेप संपून तिचं टोक फटफट आपटत होतं आणि खुर्ची गरम होती. खोलीला दुसरं दार नव्हतं, ठके. खिडकीला गज होते."

"हे तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? बाप चहा यायच्या आत नाहीसा झाला म्हणून?" मग ती एकदम थांबली आणि लेकीकडे बघायला लागली. "तू त्याला काही बोलली नाहीस ना? ऐकल्यावर?"

ठकीला खोटं बोलता आलं असतं. पण आईसमोर तिला ते कधीच जमलं नव्हतं.

"या म्हटलं," ती म्हणाली. "सवयीनं."

५

शुक्रवारी सकाळी ठकी दारातून काही न बोलता निघाली. आईही आतून काही बोलली नाही. मास्तरांसमोरून ती मान खाली घालून गेली, तरी ते "या, या" म्हणालेच.

आवाज आता पहिल्या सेकंदाच्याही आधी होता, संगीत सुरू व्हायच्या आधीच्या कोऱ्या पट्टीवर. तिथे काही असूच शकत नाही. ठकीनं विचार करणं बंद केलं आणि कामाला लागली. प्रत्येक प्रतीतून तिनं तो शब्द कापला. खुद्द टेपवर ब्लेड चालवलं, जे या धंद्यात पाप आहे. दीड इंचाचा तो तुकडा कात्रीनं बारीक केला आणि खिडकीतून उडवून दिला. मग सगळं तीनदा ऐकलं. सोळा. सोळा. सोळा. एवढी वर्षं जे शोधत होती त्यातलं हाती काहीच लागलं नव्हतं, पण तिला हलकं वाटलं. आता फक्त धास्तावलेली आई सांभाळायची होती.

टेपेतून काढलेला आवाज मग जातो कुठे, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही.

जाता जाता तिनं गुरुवारचं माईकवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. आई बोलत होती, "ते 'जातो' म्हणायचे. रोज." आणि तिथे, आईच्या आणि ठकीच्या मध्ये, कुणीतरी "हं" केलं होतं. गोष्ट ऐकणारा देतो तसा हुंकार. पुढचं सांग, म्हणून. तिनं तेही पुसलं.

६

रविवारी पावणेअकराला ठकीनं दाराला कडी घातली, टीव्हीची वायर भिंतीतून काढली आणि आईला पलंगावर बसवलं. "कुणी काहीही म्हणो," ती म्हणाली, "आपण बोलायचं नाही."

"मी काय लहान आहे?" आई म्हणाली. पण तिनं ठकीचा हात सोडला नाही.

अकराला संगीत सुरू झालं. वरच्या घरातून, शेजारून, खालून, भिंतींतून झिरपत आलं. वर्तमानपत्रात जाहिरात होती ना, अख्खी इमारत लावून बसली होती. ठकी मोजत होती. शिवणयंत्र. नळ. कडी. अकरावी किटली. सोळावा आवाज झाला आणि संगीत थांबलं. सतरावा आलाच नाही. तिनं श्वास सोडला.

खाली जिन्यात मास्तरांचा आवाज आला. "या, या."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही. त्यांच्या घरात किटली शिट्टी मारायला लागली आणि मारतच राहिली. कुणी उठून ती उतरवली नाही.

दोघी ऐकत होत्या. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. आवाज एकदम दाराशीच आला, लाकडाच्या पलीकडून, शांत आणि अदबशीर.

"येतो."

आईनं ओठ घट्ट मिटले. ठकीनं स्वतःच्या तोंडावर हात धरला आणि चवड्यांवर दाराशी गेली. दाराला मधोमध बघायचं भिंग होतं. बाहेर फ्रेमरावही असू शकतो, वरचा भाडेकरूही असू शकतो, रविवारी लोक येतात. तिनं डोळा लावला.

जिना नव्हता. भर सकाळी बाहेर काळंभोर होतं, आणि त्या काळ्यात बारीक बारीक उजेडाची भोकं. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पाच होती. एका ओळीत, पण वाकडी.

"येतो," पुन्हा आलं.

किटली ओरडत होती. ठकीनं वळून आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली, नाही, नाही बोलणार. बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी विचार करत असावं, आठवत असावं. मग त्यानं घसा खाकरला, आणि आता बोलला तो आवाज अगदी निराळा होता. घाईचा, जरा खोडकर, एका हातानं बूट चढवत असलेल्या माणसाचा. ठकीला तो कानात शिरताक्षणी ओळखू आला. जो काही केल्या आठवत नव्हता, तोच.

"बरं मग, जातो."

ठकी पलंगाकडे धावली. दोन पावलांचं अंतर होतं. पण आईचा चेहरा आधीच फुलला होता, कपाळाला ती जुनी आठी पडली होती, आणि एवढ्या वर्षांनी, स्वयंपाकघरातून ओरडावं तशी ती ओरडून गेली.

"जातो काय म्हणता? येतो म्हणावं."

ठकीचा हात तिच्या तोंडावर पोचला तेव्हा शब्द संपले होते. आईचे डोळे मोठे झाले. आपण काय बोललो ते तिला कळलं होतं.

दाराबाहेर कुणीतरी हलकेच हसलं.

"बरं," तो आवाज म्हणाला. "तू म्हणतेस तर येतो."

आणि आतून घातलेली कडी सरकू लागली. सावकाश, कुरकुरत, अर्ध्या वेगानं.